कॉलिनच्या घळीतले पक्षी

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे उजाडायच्या आत बंदुकांचे आवाज सुरू होतात. आधी लांब, नदीच्या बाजूला, कोणीतरी गादी झटकावी तसा एक दबका ठोका. मग दुसरा. मग सगळ्या तळ्यांवरून. आदल्या दिवशी दुकानात हेच लोक येऊन गेलेले असतात. कानात घालायचे बोळे, पाठदुखीच्या गोळ्या, कोणाला रक्तदाबाचं औषध दोन महिन्यांचं एकदम हवं असतं. मी फार्मसिस्ट आहे. गावात एकच फार्मसी, त्यामुळे बदकांच्या शिकारीचा हंगाम आधी माझ्या काउंटरवर येतो आणि मग तळ्यावर जातो.

या वर्षी पहिला आवाज ऐकून वैशाली उठली, तिने खिडकी लावून घेतली आणि किटली ठेवली. "सुरू झालं," एवढंच म्हणाली. बाहेर दाट धुकं होतं. कुंपणाच्या तारांवर दव गोठलं होतं. नागपुरात याच दिवसांत बाबा कूलरच्या घरघरीतून फोनवर ओरडून बोलतात, आणि मी इथे दोन स्वेटर घालून त्यांना 'हो, हो' करत असतो. पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, तरी माझ्या अंगाला मे महिना म्हणजे उन्हाळा हे अजून विसरता आलेलं नाही. पण गेल्या वर्षापासून मे म्हटलं की मला कॉलिनची घळ आठवते. ती आठवायला नको म्हणून मी चहात आलं जास्त किसतो, रेडिओ लावतो. तरी आठवते.

कॉलिन सत्तरीपलीकडचा, उंच, वाकलेला शेतकरी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला. मेंढ्या विकून टाकल्या होत्या, उरली होती ती जमीन, टेस नावाची म्हातारी कुत्री आणि घरामागची घळ. दोन टेकड्यांच्या मधली, वर मनुका नावाची इथली रानझुडपं, खाली पाणथळ आणि गवत. मराठीत सांगताना त्याला 'ते' म्हणावं की 'तो' हे मला कळत नाही. आपल्याकडे असता तर काका झाला असता. इथे पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं की त्याला कॉलिन म्हणायचं, आणि प्रशांत हे नाव त्याला जमत नाही म्हणून तो मला प्रॅश म्हणणार. तर तो कॉलिनच.

सिंडिकेटची, म्हणजे भागीदारीत पक्षी पाळून शिकार करायच्या मंडळाची, कल्पना हेमीची. हेमी कुंपणं घालायची कामं करतो, कॉलिनकडे लहानपणापासून येतो-जातो. मोठ्या शिकारी इस्टेटींवर फेझंट पक्षी मारायला जायचं म्हणजे श्रीमंतांचं काम. परदेशी पाहुणे, हेलिकॉप्टर, वाइन. आपण आपलं छोटं का करू नये, असं त्याने पबमध्ये काढलं. सहा घरांनी मिळून पिल्लं आणायची, पाळायची, घळीत सोडायची, आणि हिवाळ्यात चार-पाच शनिवार शिकार करायची. पैसे कमी, म्हणून हात जास्त. कॉलिनची जमीन, हेमीची मेहनत, शाळेतल्या एका मास्तरांचा ट्रेलर, द्राक्षमळ्यातल्या दोघा भावांकडून जुनी टाकाऊ जाळी. द्राक्षांवर पाखरं बसू नयेत म्हणून घालतात ती. फाटलेली, पण फुकट.

मला त्यात ओढलं कॉलिनने. औषध न्यायला आला होता. मी म्हटलं, मला बंदूक धरता येत नाही आणि धरायचीही नाही. आमच्या घरात पंचशील रोज म्हटलं जायचं, त्यातलं पहिलंच शील प्राण्याची हिंसा करू नये हे. कॉलिनने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की बंदुका धरणारे खूप मिळतील, त्याला रोज सकाळी येऊन पाणी बदलणारा माणूस हवाय. मी घरी येऊन वैशालीला सांगितलं तर ती हसली. या गावात येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. सगळे हसून बोलायचे, कोणी घरी बोलवायचं नाही. आठवड्याची भाजी, मसाले, पोहे आणायला आम्ही क्राइस्टचर्चला रिकार्टनपर्यंत जायचो आणि तिथल्या दुकानात मराठी कानावर पडलं की उगीच रेंगाळायचो. वैशाली म्हणाली, "जा तू. कोणीतरी आपल्याला काहीतरी मागितलं ना."

बाबांना मात्र ते पटलं नाही. बाबांनी आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी केली, काडतुसांच्या पेट्या तपासल्या, आणि घरात मुंगीसुद्धा मारू दिली नाही. मी व्हिडिओवर पिल्लं दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "मारायचीच आहेत तर इतकी माया कशाला लावता?" मी म्हटलं, बाबा, कोंबड्याही पाळतातच की लोक. माझ्या उत्तरात काहीतरी कमी होतं हे मलाही कळलं, पण काय ते तेव्हा सापडलं नाही.

पिल्लं आली ती ऑक्टोबरच्या शेवटी, खोक्यांत भरून. मुठीत मावतील एवढी, पाठीवर पट्टे, अंगात सतत धावायची घाई. फेझंट म्हणजे कोंबडा आणि मोर यांच्या मधलं काहीतरी. मोठेपणी नर तांबूस-सोनेरी, लांब शेपटीचा, आणि मादी मातीच्या रंगाची. पण लहानपणी सगळी सारखीच. मेंढ्यांची लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये आम्ही कोपरा अडवला, खाली भुसा टाकला, वर तांबडे उबेचे दिवे टांगले. त्या शेडला लोकरीच्या तेलाचा वास होता, लाकडाच्या फळ्या मेंढ्यांच्या अंगांनी घासून गुळगुळीत झालेल्या. सकाळी दार उघडलं की तो वास, तांबडा उजेड आणि शेकडो बारीक आवाज एकदम अंगावर यायचे. कॉलिन माझ्या आधी येऊन बसलेला असायचा, उलट्या बादलीवर. कडेला पडलेलं एखादं अशक्त पिल्लू उचलून कोटाच्या आत धरायचा. बोलायचा कमी. कधी विचारायचा, तुझी आई काय करते. मी सांगायचो. दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारायचा.

तो का विचारतो हे मला ठाऊक होतं. त्याच्या गोळ्या मीच देत होतो. स्मरणशक्ती जात चाललेल्या माणसाला देतात त्या गोळ्या. आणि माझ्या धंद्याचा नियम असा की काउंटरच्या अलीकडचं पलीकडे जायचं नाही. वैशालीलासुद्धा नाही. आज लिहितोय, कारण पुढे त्यानेच ते सगळ्यांना सांगितलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर दक्षिणेचा वारा सुटला. इथे त्याला सदर्ली म्हणतात, तो थेट बर्फावरून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावरसुद्धा एका संध्याकाळीत हिवाळा आणतो. सकाळी मी शेडचं दार उघडलं तर आत अंधार होता. आवाजही नव्हता. दिवे बंद. पिल्लं थंडीने एका कोपऱ्यात एकमेकांवर चढत गेली होती आणि खालची गुदमरली होती. वरची काही जिवंत होती, हलत होती, आणि त्यांच्या पायांखाली तो मऊ, थंड ढीग. मी एकेक उचलून बाजूला ठेवत गेलो. निम्म्याहून जास्त गेली होती.

दिवा उडालेला नव्हता, तार तुटलेली नव्हती. दाराजवळचं मोठं बटण कोणीतरी खाली ओढलं होतं. लोकर कातरून झाली की शेवटच्या माणसाने शेडमधून निघताना ते बटण बंद करायचं, अशी तिथे पन्नास वर्षांची सवय. आदल्या संध्याकाळी हेमीने रस्त्यावरून जाताना कॉलिनला शेडचं दार ओढून घेताना बघितलं होतं.

थोड्या वेळाने कॉलिन आला. ढिगाकडे बघून उभा राहिला. त्याचा खालचा ओठ थरथरत होता. "कोणी बंद केलं?" त्याने विचारलं. हेमीने माझ्याकडे बघितलं, मी हेमीकडे. हेमी म्हणाला, फ्यूज गेला असेल. कॉलिनने मान हलवली आणि फावडं आणायला गेला. खड्डा त्यानेच खणला, कोणाला हात लावू दिला नाही.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. पिल्लांमुळे नाही. आज बटणाचं झालं ते उद्या बंदुकीचं होईल, हे मला दिसत होतं. मे महिन्यात हा माणूस भरलेली बंदूक घेऊन आमच्यात उभा राहणार, आणि समोरच्या झुडपांतून पक्षी उठवत हाकारे येणार. हाका घालायला वैशालीही येणार होती.

म्हणून एका दुपारी मी त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. त्याने चहा केला, आणि थोड्या वेळाने पुन्हा केला. दोन्ही कप माझ्यासमोर होते. मी सांगितलं की ते बटण त्यानेच बंद केलं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला की त्याला तसं वाटलंच होतं.

"हेमीला तुझ्या आजाराचं सांग," मी म्हटलं. "मला ते सांगता येत नाही. तू सांगितलं नाहीस तर मला डॉक्टरांकडे जावं लागेल."

"माझ्या बंदुका जातील."

"हो."

टेस टेबलाखालून उठून त्याच्या पायाशी आली. मग तो म्हणाला, "माझ्या बापाने मला हीच घळ दाखवून सांगितलं होतं, समोर माणूस आहे का ते आधी बघायचं, पक्षी नंतर. ते मी विसरलो तर मग थांबलेलंच बरं, प्रॅश."

त्याच आठवड्यात त्याने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. उलट्या बादलीवर बसूनच त्याने आपल्या आजाराचं नाव सांगितलं, हवामानाची बातमी सांगावी तसं. बंदुकांच्या कपाटाच्या किल्ल्या हेमीच्या हातात ठेवल्या. लायसन्सचं पुढचं डॉक्टरांनी बघितलं. हेमीसारखा आडदांड माणूस, पण त्याला किल्ल्या खिशात घालता येईनात, मुठीतच धरून उभा राहिला. शेवटी म्हणाला की कॉलिनच कप्तान राहील, कुठला हाका कधी सुरू करायचा ते तोच ठरवेल. कॉलिन म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. सगळे हसले. मग घाईघाईने कामाला लागले.

उन्हाळा त्यानंतर चांगला गेला, असं म्हणायला हवं. उरलेली पिल्लं वाढली. जानेवारीत आम्ही घळीच्या तोंडाशी जाळीचा मोठा पिंजरा उभा केला. फाटलेली जाळी वैशालीने आणि मास्तरांच्या बायकोने बसून शिवली, दाभण आणि नायलॉनच्या दोऱ्याने. वैशाली क्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात नर्स आहे, टाके घालायला तिचा हात सराईत. त्या दुपारी पहिल्यांदा आमच्या घरचे कांदेपोहे त्या घळीत खाल्ले गेले. डब्यांना भोकं पाडून दाणे टाकायची सोय केली, मुंगसासारख्या स्टोटसाठी सापळे लावले. कॉलिन रोज संध्याकाळी गव्हाची बादली घेऊन जायचा आणि दोन बोटं ओठांत घालून शीळ घालायचा. शीळ ऐकली की पक्षी गवतातून पळत यायचे. पिंजरा उघडून त्यांना मोकळं सोडल्यावरही यायचे. त्याच्या बुटांभोवती गर्दी करायचे. नाव, वार, माझी आई काय करते, सगळं त्याच्या हातून सुटत होतं, पण शीळ सुटली नाही.

आणि मग मे.

तो पहिला शनिवार मला अजून तुकड्यातुकड्यांत आठवतो. धुकं घळीत दुधासारखं साचलेलं. आम्ही हाकारे नारिंगी जाकिटं घालून वरच्या टोकाला, हातात काठ्या. खाली चार बंदुकवाले, जमिनीत ठोकलेल्या आपापल्या खुंट्यांपाशी. आमचा नियम होता की फक्त नर मारायचे, माद्या सोडून द्यायच्या. कॉलिन मधोमध, स्वच्छ दाढी केलेला, गळ्यात टाय, रिकाम्या हातांनी. हाका सुरू करायची खूण त्याने द्यायची होती.

त्याने दोन बोटं ओठांत घातली आणि शीळ घातली. दाणे टाकताना घालायचा ती.

आम्ही पाऊल टाकायच्या आत झुडपं हलली. सगळीकडून पक्षी बाहेर आले, उडत नाही, पळत. मान पुढे काढून, थेट त्याच्याकडे. बंदुकवाले बंदुका खाली करून उभे राहिले. जमिनीवरचा पक्षी कोणी मारत नाही, आणि मारायचा म्हटलं तरी ते सगळे कॉलिनच्या पायांशी होते. तो वाकून हात फिरवत होता, बादली शोधत होता. हेमीने त्याला हळूच धरून मागे नेलं. मग आम्हाला आरडाओरडा करून, काठ्या आपटून ते पक्षी उठवावे लागले. मीही ओरडलो. धुक्यातून नर वर चढले, पंखांचा तो खडखडाट, आणि बार झाले. सात-आठ पडले. ज्यासाठी वर्षभर राबलो ते हेच होतं, आणि कोणीही कोणाकडे बघत नव्हतं.

पक्षी आणून हेमीच्या गाडीच्या फळीवर ओळीने ठेवले, रीतीप्रमाणे. कॉलिन फिरत फिरत तिथे आला. मी जवळच होतो. त्याने ओळीकडे बघितलं आणि त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. "कोणी बंद केलं?" तो म्हणाला. त्याने एक नर उचलला, कोटाची बटणं काढली आणि तो आत छातीशी धरला. लांब शेपटी खाली लोंबत होती. टायवर रक्ताचा डाग पडला. "अजून ऊब आहे याच्यात," तो मला म्हणाला. "दिवा लाव. लवकर."

हेमीने बंदूक उघडून रिकामी केली, मास्तरांच्या हातात दिली आणि कॉलिनच्या खांद्यावर हात ठेवला. "लावू," तो म्हणाला. "चल." दोघे शेडकडे चालत गेले. मागोमाग टेस. आम्ही तिथेच उभे राहून काडतुसं काढून खोक्यात ठेवत होतो. थोड्या वेळाने शेडच्या फटींतून तांबडा उजेड दिसला. वैशाली माझ्या शेजारी उभी होती, तिचा हात गार पडला होता. ते दोघे आत किती वेळ बसले कोण जाणे. बाहेर आले तेव्हा धुकं उठलं होतं आणि कॉलिनचा कोट रिकामा होता. त्याने आम्हाला सगळ्यांना विचारलं, चहा घेणार का.

त्या दिवसानंतर शिकार झाली नाही. कोणी ठराव केला नाही, शनिवार आला आणि कोणी बंदूक काढली नाही, एवढंच. दाणे मात्र आम्ही पाळीपाळीने टाकत राहिलो. हिवाळा कडक होता. जूनमध्ये कॉलिन पायजम्यात रस्त्यावर सापडला. पर्थहून मुलगी आली. चांगली मुलगी, थकलेली. तिने त्याला क्राइस्टचर्चच्या एका केअर होममध्ये ठेवलं, टेस हेमीकडे गेली, आणि जमीन विकली. घेणाऱ्याला पाइनची झाडं लावायची होती. शेड, घळ, सगळं मोकळं करून हवं होतं.

आता रिकार्टनला किराणा आणायला गेलो की आम्ही त्याच्याकडे जातो. तो खिडकीशी असतो. मी कोण ते त्याला माहीत नसतं, पण कोणीतरी आलंय याचा त्याला आनंद होतो. मागच्या खेपेला त्याने वैशालीचा हात धरून ठेवला आणि तिला दुसऱ्याच नावाने हाक मारली. बहुधा बायकोच्या. वैशालीने ओ दिली. गाडीत बसल्यावर रडली. बाबांना मी हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले की त्या म्हाताऱ्याला माझा जयभीम सांग.

पिंजरा काढायला हेमी आणि मी त्याच हिवाळ्यात, ऑगस्टमध्ये गेलो. जाळी गुंडाळली, खुंट उपटले, डबे ट्रेलरमध्ये टाकले. पक्षी आजूबाजूला उभे राहून बघत होते. बहुतेक माद्या, मातीच्या रंगाच्या. माणसं आली म्हणजे दाणे आले, एवढंच त्यांना माहीत. मी उरलेलं पोतं उचललं तर हेमीने हात धरला.

"नको," तो म्हणाला. "उद्यापासून कोणी येणार नाही. आणि जे येतील त्यांच्या बुटांपाशी ही अशीच पळत जातील. यांना माणसाची भीती वाटायला हवी."

त्याने गाडीतून बंदूक काढली, मोकळ्या आभाळाकडे रोखली आणि बार काढला. पक्षी दचकून थोडे मागे सरले. पुन्हा आले. दुसऱ्या बाराला काही उडाले. मग त्याने बंदूक पुन्हा भरली आणि माझ्या हातात दिली. माझ्यामागे उभा राहून, माझी कोपरं धरून. मी आयुष्यात एकदाच बंदूक चालवली ती तेव्हा, रिकाम्या आभाळावर. खांद्याला धक्का बसला, कान बधिर झाले. माद्या खडखडत उठून टेकडीवर गेल्या.

एक राहिली. झुडपापाशी उभी, मान वाकडी करून आमच्याकडे बघत. आम्ही ओरडलो, टाळ्या वाजवल्या. मी मराठीत ओरडलो, "जा ना, जा की!" ती उलट दोन पावलं पुढे आली. शेवटी मी ओल्या मातीचं ढेकूळ उचललं आणि नेम धरून तिला मारलं. ते तिच्या पंखावर लागलं. ती ओरडत उडाली आणि टेकडीपलीकडे दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे आम्ही गाडीत बसलो.